भेगेतली हळद

तिसरी घंटा होते, उजेड हळूहळू चढत जातो आणि समोर दिसू लागतो केदारखेड्यातला एक ओटा. मागे पत्र्याचं छप्पर, डाव्या अंगाला कडुलिंब, उजवीकडे ओल्या फडक्यानं गुंडाळलेला रांजण. आणि ओट्याच्या कडेनं, गावजेवणाच्या पंगतीला बसावेत तसे, साठ दगड. कुणी काळाभोर, कुणी राखी, कुणी तांबूस आणि भोकाभोकांचा, कुणाच्या पोटात पांढरे स्फटिक मोगऱ्याच्या कळ्यांसारखे दाटलेले. पंगतीच्या बरोबर मध्ये मात्र एक जागा रिकामी. तिथली माती अजून खोलगट आहे, जेवता जेवता कुणी ताटावरून उठून गेल्यासारखी.

त्या रिकाम्या जागेशेजारी बसलेला, बाहत्तरी गाठलेला, पायांनी किंचित फेंगडा आणि डाव्या कानानं ठार बहिरा असा हा माणूस म्हणजे कडूबा. धंदा विहिरी खोदण्याचा. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत त्याच्या हातच्या साठ विहिरी, आणि साठही पाण्याच्या. पाणी लागलं की मालकानं नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, आणि कडूबानं विहिरीच्या तळातला एक दगड उचलून घरी आणायचा, हा त्याचा रिवाज. तो दगड मजुरीत धरायचा नाही, पण मागायला लाजायचंही नाही. कुणी विचारलं, "कशाला रे हे धोंडे?" तर म्हणायचा, "तुम्ही लग्नाचे फोटो ठेवता का न्हाई? तसे हे माझ्या इहिरींचे फोटो."

दगड वाचावा तर कडूबानं. आपला सारा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मऊ दगड, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा, आणि खाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. कडूबा तुकडा उचलायचा, जिभेनं ओला करायचा आणि उन्हात धरायचा. कोरडा दगड खोटं बोलतो, ओला दगड खरा रंग दाखवतो, असं त्याचं म्हणणं. मग सांगायचा, "अजून बारा फूट." तेरा फूट खणावं लागलं तर त्या दिवशी तो जेवत नसे.

पण गावात त्याचं नाव झालं ते विहिरींमुळे जेवढं, तेवढंच एका गोष्टीमुळे. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून हात कसलेले, गावात काम उरलेलं नाही, म्हणून बाविशीच्या आत-बाहेरचा कडूबा रायचूरकडे गेला. तिकडे सोन्याचा शोध घेणारी साहेबलोकांची छावणी होती. जमिनीत खोल भोकं पाडायची, त्यातून दगडाचे लांब दांडे वर काढायचे आणि पत्र्याच्या पेट्यांत ओळीनं मांडायचे, हे त्याचं काम. तिथला एक बंगाली साहेब संध्याकाळी चहा घेता घेता त्याला दगडांची कुळकथा सांगायचा.

"कडूबा," साहेब म्हणायचा, "हाही दगड तुझ्या गावच्या दगडासारखा आगीतूनच आलेला. पण तुझा दगड याच्यापुढं कालचं पोर. हा अडीचशे कोटी वर्षांचा म्हातारा. याला धरणीनं दाबला, पिळला, वाकवला. काळ्याचा हिरवा झाला. मग याला तडे गेले, आणि त्या तड्यांतून खालचं उकळतं पाणी वर चढलं. पाण्यात गारगोटी विरघळलेली, गंधक विरघळलेलं आणि चिमूटभर सोनं. पाणी निवलं तसं सगळं तिथंच बसलं. या पांढऱ्या शिरा त्याच. सोनं म्हणजे म्हाताऱ्याच्या जखमेवरची खपली."

पिवळं चकाकतं ते सगळं सोनं नव्हे, हेही साहेबानंच शिकवलं. घण मारला की भुगा होतो आणि गंधकाचा वास सुटतो ते फसवं. खरं सोनं चेपतं, फुटत नाही. आणि ते असतं तरी किती? गाडीभर दगड दळावा तेव्हा एका अंगठीचं निघतं.

मग कडूबानं विचारलं होतं, "सायेब, आमच्याकडं?"

"तुमच्याकडं दगड असा पिळला गेला नाही. निवांत निवला. हवेचे बुडबुडे राहिले, त्यात पांढरे स्फटिक बसले. दिसायला सुंदर, पण सोनं नाही. शोधू नकोस."

तीन वर्षांनी कडूबा गावी परतताना साहेबानं त्याला एक दगड दिला, वहीत नोंद करून, सही करून. नारळाएवढा. अंगाला हिरवट काळी साल, पोटातून पांढऱ्या गारगोटीची शीर, तिच्या कडेनं एक भेग, आणि शिरेत तिळाएवढा एक पिवळा ठिपका. तिथून पंगतीची सुरुवात झाली. मधोमध हा पाहुणा, आणि त्याच्या दोन्ही हातांना पुढं एकेक विहीर येऊन बसत गेली.

पन्नास वर्षं कडूबा ओट्यावर ती गोष्ट सांगत आला. काय सांगायचा! उकळतं पाणी म्हणताना हातांच्या ओंजळी वर चढायच्या, धरणी पिळते म्हणताना खांद्यावरचा टॉवेल पिळला जायचा, आणि "जखमेवरची खपली" म्हणताना आवाज असा खाली उतरायचा की रांजणातला थेंब ऐकू यावा. लोक "वा रे कडूबा" म्हणायचे, आणि तो तिथंच थांबायचा. साहेबाचं शेवटचं वाक्य, "तुमच्याकडं सोनं नाही", तो गाळून टाकायचा. त्यात लबाडी नव्हती. टाळी पडल्यावर पुढचं वाक्य कुणाला आठवतं? भल्याभल्या नटांनी केलेली चूक त्यानंही केली, एवढंच.

ती गोष्ट सर्वांत जास्त वेळा ऐकली असेल ती कमरोद्दीननं. दोघं एका वयाचे. कमरोद्दीनची नदीकडं चार एकर काळी जमीन, आणि सत्त्याऐंशी साली कडूबानं तिच्यात खोदलेली विहीर. तेव्हापासून सकाळचा चहा रोज कडूबाच्या ओट्यावर.

"कमरू, आज दूध कमी हाय," कडूबा म्हणायचा.

"तेरे घरका दूध कब ज्यादा था?" कमरोद्दीन कपबशी ओढून घ्यायचा. "चल, सुना वो सोनेवाली."

दुसरा श्रोता सोमेश्वर. बाप लवकर गेला म्हणून विशीत कडूबाकडे कामाला आला आणि हाताखाली तयार झाला. एकदा सुरुंगाची वात विझली असं समजून तो खाली उतरायला निघाला. कडूबानं सदरा धरून त्याला मागं फेकला, आणि त्याच घटकेला सुरुंग उडाला. सोमेश्वरला खरचटलंही नाही. कडूबाचा डावा कान गेला तो तेव्हा. सोमेश्वर त्याला उस्ताद म्हणायचा आणि सणावाराला पाया पडायचा. त्याची लेक दैवशाला कडूबाला आबा म्हणायची.

खंडेनवमीला कडूबाच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. पहारी, घण, छिन्न्या धुऊनपुसून मांडायच्या, करडीच्या तेलाचा हात फिरवायचा आणि हळदकुंकू वाहायचं. मग दगडांची पाळी, आणि दगडांत पहिला मान मधल्या पाहुण्याचा. कडूबा त्याला तेल चोळायचा, भेगेत बोटानं हळदकुंकू भरायचा. बायको उषाबाई दरवर्षी न चुकता म्हणायची, "धोंड्याला एवढी हळद लावता. मला लावली ती एकदाच, ती बी दुसऱ्यांनी."

"तू कुठं अडीचशे कोटी वर्सांची हायेस?"

"तुमच्यासंगं ऱ्हाऊन तेवढी झाले."

गेल्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी सोमेश्वर दैवशालाला घेऊन आला. पोरगी नववीत. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. "उस्ताद, तुमचा सोन्याचा दगड मांडला तर हिचा पैला नंबर येतो बघा." कडूबाला केवढा आनंद! त्यानं स्वतः दगड उचलला, दैवशालानं वर्तमानपत्रात गुंडाळला. उषाबाई म्हणाली, "पन्नास वर्सांत जागचा हलवला न्हाई, आन् आज दिला?" कडूबा म्हणाला, "लेकराच्या हातात दिला."

दिवाळी गेली. दगड आला नाही. विचारलं की सोमेश्वर म्हणायचा, "मॅडमनं काचेच्या कपाटात ठेवलाय उस्ताद. सगळी शाळा बघून राह्यली." कडूबा रिकाम्या जागेकडे बघून हसायचा. आपला दगड शाळेत बसलाय, आपण तर कधी बसलो नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी सोमेश्वर मोटारसायकल घेऊन दारात. "उस्ताद, चला. माझ्या माळावरच्या इहिरीवर माणसं जमलीत. तुम्हाला बोलावलंय."

सोमेश्वरच्या माळावरच्या विहिरीची कथा सगळ्या गावाला ठाऊक होती. लोकांना पाणी काढून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दोन एकरांत पंचेचाळीस फुटांवरही कोरडा काळा पाषाण. कडूबानं आधीच सांगितलं होतं, इथं खणू नको. कडूबाला वाटलं, पाणी लागलं असेल. वाटेत त्यानं दुकानातून नारळ घेतला.

विहिरीवर पंधरा-वीस माणसं होती. पुढं कमरोद्दीन, त्याची बायको रहिमुन्निसा, नातू अकिब. विहिरीत पाणी नव्हतं. कठड्याजवळ पांढऱ्या फडक्यावर एक दगड मांडला होता.

"कडूबा, ये," कमरोद्दीननं हाक मारली. "तू जिंदगीभर सांगत आला ते निघालं बघ. सोम्या बोलला, कुणाला सांगू नका, उस्तादाला बी न्हाई, ते शेवटी येतील. माझे डोळे मोतीबिंदूचे. शहरातल्या मस्तगडच्या सराफानं कसोटीवर घासला, बोलला बिलकुल सोनं हाय. पण सराफाला सोनं कळतं, जमीन न्हाई कळत. हे माळरान सोम्या मला देतो, माझी चार एकर तो घेतो. अदलाबदल. तू हो म्हण, सोमवारी भोकरदनला दस्त करतो."

"भाईसाब, बराबर बघा," रहिमुन्निसा म्हणाली. "हम सबका पेट है उसपर."

सोमेश्वरनं दगड उचलून कडूबाच्या हातात दिला. "घ्या उस्ताद. पंचेचाळीस फुटावर सुरुंग उडवला आन् वर आला."

दगड नारळाच्या एका भकलाएवढा होता. एक बाजू ताजी फुटलेली, बाकीची तारेच्या ब्रशनं घासून घासून उजळलेली. हिरवट साल. पांढरी शीर. तिळाएवढा ठिपका. कडूबानं सवयीनं तो तोंडाशी नेला आणि भेगेवरून जीभ फिरवली.

जिभेला खवट करडीच्या तेलाची चव आली.

तो तसाच उभा राहिला. दगड ओठांपाशी, समोर जमलेली माणसं. सोमेश्वर जवळ सरकला आणि त्याच्या उजव्या कानाशी लागला. कोणता कान ऐकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, दुसरा त्याच्यापायीच गेला होता. "उस्ताद, निसतं हो म्हणा. माझं बी रान पिकू द्या. चाचाला काय, पोरं शहरात जाणारच हायेत. निसती मान हलवा."

कडूबानं कमरोद्दीनकडं पाहिलं. तो धुरकट डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडं बघत होता, ओट्यावर खपलीचं वाक्य यायच्या आधी बघायचा अगदी तसाच. सोनं खरं होतं. गोष्टही खरी होती. खोटी होती ती फक्त जागा, आणि ती खोटी आहे हे सांगायचं एकच वाक्य कडूबानं पन्नास वर्षं गिळून ठेवलं होतं.

"सोम्या," तो म्हणाला, "पंचेचाळीस फुटाखाली खंडेनवमी कुणी केली रं?"

कुणालाच काही कळलं नाही. कडूबानं बाभळीचा एक काटा मोडून घेतला, दगडाच्या भेगेत घातला आणि आतून काढलेला तपकिरी केशरी गाळ रहिमुन्निसाच्या तळहातावर ठेवला. "भाभी, वास घ्या."

तिनं वास घेतला. "या अल्ला. ये तो हल्दी है. करडीका तेल."

"आपल्या मुलखात सोनं न्हाई कमरू," कडूबा म्हणाला. "सायबानं मला तवाच सांगितल्तं. म्या तुला कधी बोललो न्हाई, ती चूक माझी. हा माझा दगड हाय. ओट्यावरचा."

कुणीतरी मागून हसलं. माणसं सोमेश्वरकडं वळली. आणि मग, विहिरीत उतरलेल्या माणसाला दोर सापडावा तसा त्याला एक शब्द सापडला.

"हाव. दगड उस्तादाचाच हाय. उस्ताद, तुम्ही दिला का न्हाई तुमच्या हातानं?"

"दिला. पण साळंच्या—"

"ऐका! दिला म्हणून राह्यले. चाचा, हा डाव ह्यांचाच. दगड ह्यांचा, गोष्ट ह्यांची. निम्मा वाटा ठरल्ता. काल म्हणाले, चारातली तीन एकर मला दे. म्या न्हाई म्हणलं, म्हणून आज हळद आठवली."

कडूबा गोंधळला नाही, चिडलाही नाही. त्यानं गर्दीत दैवशाला शोधली. ती पाण्याची कळशी घेऊन उभी होती. "दैवशाला, बाळ, तूच आल्तीस ना? तूच कागदात गुंडाळला ना? परदर्शनाला नेला म्हणून सांग यांना."

पोरीनं बापाकडं पाहिलं. मग कळशीतल्या पाण्याकडं.

"मला न्हाई आठवत आबा."

त्या एका वाक्यानं जे केलं ते सुरुंगानंही केलं नव्हतं. कडूबा खाली बसला. सोमेश्वरचं बोलणं त्याला लागलं नव्हतं असं नाही, पण त्या माणसाचा कोरडा पाषाण त्यानं पाहिला होता, त्याची हाव त्याला समजू शकत होती. पोरीचं तसं नव्हतं.

कमरोद्दीननं दगड त्याच्या हातातून घेतला, कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "चल रहिमुन्निसा." एवढंच. कडूबाला चल म्हणाला नाही. नारळ तिथंच राहिला.

दस्त झाला नाही. चार एकर वाचली. पण गावात दोन तट पडले आणि दोन्ही तटांना वाटत होतं, धूर आहे तिथं थोडा तरी जाळ असणार. "म्हातारा शेवटी फिरला म्हणून बरं," असं त्याचं कौतुक व्हायचं, आणि ते कौतुक त्याला शिवीपेक्षा जड जायचं. दैवशाला शाळेला जाताना ओटा टाळून मारुतीच्या देवळाला वळसा घालून जाऊ लागली. सोमेश्वर विहिरीतला दगड वर ओढायची यारी घेऊन मंठ्याकडं कामाला लागला. विचारणाऱ्याला सांगायचा, म्हाताऱ्यानं मला बुडवलं.

आणि सकाळचा चहा. उषाबाई महिनाभर तीन कप मांडत राहिली. मग एके दिवशी तिनं दोन मांडले, आणि कडूबानं तिसऱ्याकडं पाहिलं नाही. ओट्यावर माणसं आली तर विचारायची, "आबा, ती सोन्याची सांगा ना." तो म्हणायचा, "आपल्याकडं सोनं न्हाई." गोष्टीतलं तेवढंच वाक्य उरलं होतं.

फाल्गुनात छातीनं उचल खाल्ली. उभ्या जन्माची दगडाची भुकटी आत बसलेली. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. ओट्यावरच बाज टाकली, कारण त्याला पंगत दिसायला हवी होती. बोलणं जवळजवळ बंद झालं.

एका दुपारी, ऊन पत्र्यावर कडकडत असताना, कमरोद्दीन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. त्यानं खिशातून अर्धा दगड काढला आणि रिकाम्या जागेत ठेवला. अर्धी जागा भरली. मग तो बाजेच्या कडेला बसला, अगदी उजव्या बाजूला, ऐकू येईल असा.

"कडूबा, एक बात पूछनी थी. आता तू मी दोघंच हाये. तू त्याच्यात न्हाई व्हता ना? खरंच न्हाई व्हता ना?"

चहा घेऊन आलेली उषाबाई दारातच थबकली. "भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या चार एकरापायी ह्यांनी पन्नास वर्सांची गोष्ट मोडली. आन् हे इचारायला तुम्हाला दोन महिने लागले? आन् इचारायला लागलंच?"

कमरोद्दीननं मान खाली घातली. चष्म्याखालून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. कडूबानं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याचे ओठ हलले, आणि त्यानं विचारलं, सत्त्याऐंशीच्या त्या विहिरीत आता पाणी किती आहे.

"दोन परस," कमरोद्दीन म्हणाला. म्हणजे हात वर केलेली दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं.

कडूबानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला. त्या दुपारनंतर कुणाशी काही बोलला नाही. डोळे मिटण्याआधी बोलला ते एवढंच:

"दोन परस हाय? मंग निघंल उन्हाळा."